एक चिमटा कमी

"काय हो, दोरीवरचा एक चिमटा कमी दिसतोय. लाल होता. तुम्ही घेतलात का?"

रविवारची दुपार, जेवण अंगावर आलेलं, आणि गॅलरीतून हा प्रश्न. मी पेपर जरा वर धरला. "चिमटा? मी कशाला घेऊ?"

घेतला मीच होता. त्या घटकेला तो खाली पार्किंगमध्ये माझ्या हंबर सायकलच्या, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला लावलेला होता. चिमट्याला चिमटा. त्याच्या जबड्यात एका लग्नपत्रिकेचा तुकडा होता. लग्न कधीच होऊन गेलं, पण पत्रिका जाड, सोनेरी कडांची, ताठ. तो तुकडा स्पोक्सना जेमतेम टेकेल असा बसवायला मला पाऊण तास लागला. पुढे काय झालं हे ज्यांचं लहानपण सायकलवर गेलं त्यांना सांगायला नको. सोसायटीच्या मागच्या गल्लीत, दुपारी, सगळे झोपलेले असताना, मी दोन फेऱ्या मारल्या. फर्रर्रर्र. अगदी फटफटी.

माझं वय अठ्ठावन्न.

एवढ्याशा गोष्टीसाठी बायकोशी खोटं बोलायचं कारण असं, की ती कुणाला तरी बोलता बोलता सांगेल आणि ते फिरत फिरत आमच्या टोळक्यापर्यंत पोचेल. आम्ही सात-आठ जण रविवारी सकाळी सहाला आपापल्या म्हाताऱ्या सायकली घेऊन निघतो. या टोळक्यात मी सोवळ्यातला माणूस म्हणून प्रसिद्ध आहे. 'ओरिजिनल' हा आमचा मंत्र. कुणी नवी सायकल मिळवली की पहिला प्रश्न, "रंग मूळचा आहे ना?" तो बिचारा "नाही हो, मारून घेतलाय" म्हणाला, की आम्ही सगळे गप्प. तेराव्याला आल्यासारखे. त्या गप्प बसण्याची सुरुवात बहुतेक वेळा मी करतो.

माझी हंबर १९५५ च्या मार्चमधली. हे मला कुणी सांगितलेलं नाही, मागच्या चाकाच्या मधोमध असलेल्या हबवर ठोकलेलं आहे. स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरच्या हबवर आधी सालाचे दोन आकडे असतात आणि मग महिन्याचा. आता ही तारीख हबची, सायकलची नव्हे. कुणी पुढे चाक बदललं असेल तर सगळंच मुसळ केरात. पण असल्या शंका दुसऱ्याच्या सायकलबद्दल घ्यायच्या असतात. सायकल मला एका दूधवाल्याकडून मिळाली. त्याला एक कोरी सायकल घेऊन दिली आणि वर पैसे दिले. दोन्ही बाजूंना आपण समोरच्याला गंडवलं असं मनापासून वाटलेला माझ्या आयुष्यातला हा एकमेव व्यवहार.

तेव्हापासून दूधवाले, वॉचमन, इस्त्रीवाले यांच्या सायकलींकडे बघायची एक वाईट खोड लागली आहे. वाईट म्हणजे सिग्नलला थांबलेल्या माणसाच्या पायाकडे वाकून बघण्याइतकी. त्याला वाटतं आपली चप्पल तुटली की काय. मी बघत असतो चेनव्हील, पेडलजवळचं दातेरी चक्र. रॅले सायकलच्या चक्रात बगळ्यांची डोकी कापलेली असतात, रजच्या चक्रात हाताचा पंजा, बीएसएच्या चक्रात सरळ तीन इंग्रजी अक्षरं. आणि हंबरच्या चक्रात पाच माणसं, हात-पाय फाकून गोल धरलेली, फुगडीला उभी राहिल्यासारखी. १९३२ मध्ये रॅलेने हंबर कंपनी विकत घेतली, पण ही पाच माणसं आणि पुढचा तो जोडनळ्यांचा चिमटा, एवढं मात्र ठेवलं. चिखलाने भरलेल्या चक्रात ती पाच माणसं दिसली की माझा सिग्नल चुकतो. मागून शिव्या येतात. बरोबर बायको असली तर पुढूनही येतात.

असो. सोवळ्याचं सांगत होतो.

आमच्यात एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांना परदेशातले दाखले द्यायची हौस. इटलीत गायोले नावाचं गाव आहे, तिथे १९९७ पासून जुन्या सायकलींची मोठी फेरी निघते. १९८७ च्या आधीचीच रेसिंग सायकल हवी. गिअरच्या दांड्या खालच्या नळीवर हव्यात, पेडलला पट्टे हवेत, ब्रेकच्या तारा हँडलवरून मोकळ्या लोंबायला हव्यात. डॉक्टर हे नियम एखादं स्तोत्र म्हणावं तसे म्हणतात, आणि आम्ही मिसळीचा दुसरा पाव मागवत माना हलवतो. त्याच फेरीत वाटेवरच्या थांब्यांवर वाइन मिळते, हे मात्र ते फलश्रुतीसारखं शेवटी आणि हळू आवाजात सांगतात.

तर या डॉक्टरांकडे कार्बाइडचा खरा पितळी दिवा आहे. खालच्या डबीत खडे, वरच्या डबीत पाणी, थेंब थेंब पाणी पडलं की गॅस धरतो आणि तो पेटवायचा. वास लसणीसारखा. मागच्या थंडीत एका पहाटे ते दिवा लावून आले. आम्ही सगळ्यांनी त्या शुभ्र ज्योतीचं तोंड भरून कौतुक केलं. वाऱ्यात ज्योत हलत कशी नाही आणि लसूण का येत नाही, हे कुणाला सुचलं नाही. मला सुचलं होतं. मी विचारलं नाही, कारण त्याच दिवशी माझ्या ब्रूक्सच्या कातडी सीटला खोबरेल लावलेलं होतं.

ब्रूक्सच्या कातड्याला त्यांचंच मलम लावायचं असतं. बोटाच्या टोकावर येईल इतकंच, वर्षातून एकदोनदा. तेल तर कधीच नाही, कातडं सैल पडतं आणि सीटची झोळी होते. हे मी स्वतः चार जणांना दम देऊन सांगितलंय. आणि तरी डिसेंबरात, अंघोळीच्या आधी बाटली उन्हात ठेवलेली असते, तळहातावर थोडं उरतं, ते पुसायचं कुठे? डोक्याला लावून झालेलं असतं. सीट समोर असते. गेली काही वर्षं माझ्या सायकलला आणि मला एकच वास येतो. शिवाय खाकी पँटवर मागच्या बाजूला दोन गोल डाग. ते इस्त्रीवाल्याने एकदा बोट ठेवून दाखवले होते, फार आदराने.

निवृत्त बँकवाले काका त्याहून पुढचे. त्यांच्या सीटचा आकार त्यांच्या बैठकीला बसायला वर्ष जायचं होतं, आणि तेवढी बैठक शिल्लक राहील याची त्यांना खात्री नव्हती. म्हणून ते घरून निघताना सीटवर स्पंजचं कव्हर चढवतात आणि भेटायच्या चौकाच्या अलीकडच्या वळणावर उतरून ते पिशवीत कोंबतात. हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्या वळणावरचा चहावालाही आता त्यांना "काढलं का?" असं विचारतो.

क्रोमवरचा गंज काढायला विलायती पॉलिश मिळतं. मी पोळ्या गुंडाळायची चंदेरी फॉइल पाण्यात बुडवून घासतो. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा येत नाही आणि गंज काळ्या चिखलासारखा निघून येतो. पितळेला चिंच. त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरातून फॉइल, चिंच आणि खोबरेल एकाच वेळी नाहीसं होतं, आणि आता चिमटा. बायको माझ्याकडे संशयाने बघते ते उगाच नाही.

पण हे झालं जिभेचे चोचले पुरवल्यासारखं. माझी खरी चोरी वेगळी आहे, आणि ती कुणाला दिसत नाही.

त्या स्टर्मी-आर्चरच्या हबची एक गंमत आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला पेडल मारतानाही आतून टिकटिक येते. तिसऱ्याला भरभर, दुसऱ्याला जरा दमाने, भिंतीवरच्या घड्याळासारखी. पहिला गिअर मात्र मुका. चढाला पहिलाच टाकायला हवा, त्याचसाठी तो दिलाय. चतुःशृंगीजवळच्या चढाला आमची सगळी मंडळी खडाखड पहिल्यावर येतात आणि मी दुसऱ्यावरच राहतो. मांड्या पेटतात, छाती भात्यासारखी होते. मागचे म्हणतात, "बघा, दम आहे हं या वयात." दमाबिमाचा काही संबंध नाही. मुक्या सायकलवर मला एकटं वाटतं.

आवाजाचा नाद जुना आहे. वाड्यात असताना आम्ही चार आण्यांना तासाची सायकल आणायचो. त्यातली पहिली दहा मिनिटं पुठ्ठा बसवण्यात जायची. पुठ्ठ्यापेक्षा फुगा भारी, पण फुगा लवकर फुटतो आणि पैसे वेगळे पडतात. शेजारचा एक मुलगा मागच्या स्पोक्समध्ये एका वेळी तीन पुठ्ठे लावायचा. त्याला बुलेट म्हणायचे. तो पुढे सीए झाला.

वडिलांना यातलं काही खपायचं नाही. ते खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते. सकाळच्या पाळीला त्या रस्त्यावर सायकलींचा जो पूर लोटायचा त्यातली एक सायकल त्यांची. हर्क्युलस, सेकंडहँड, काळी. तिला हात लावायचा नाही. दर रविवारी ती अंगणात उलटी व्हायची. रॉकेलच्या वाटीत चेन बुडवलेली, छर्रे मोजून कागदावर मांडलेले, एखादा घरंगळला की तो सापडेपर्यंत सगळं घर गुडघ्यांवर. दसऱ्याला झेंडूची माळ आणि हँडलला गंध. मडगार्डवर महापालिकेचा बिल्ला. संध्याकाळी उशीर होणार असेल तर दिवा, दिवा बिघडला असेल तर हातात धरून चालत येणार. डबलसीट घ्यायचं नाही म्हणजे नाही, सख्ख्या मेव्हण्यालाही नाही. मी एकदा वाड्याच्या बोळात दोन्ही हात सोडून सायकल चालवली, तर त्यांनी मला काही न बोलता कानाला धरून आत आणलं आणि महिनाभर सायकलचे पैसे बंद केले.

त्यानंतर काही दिवसांनीच मी त्यांना पाहिलं. सातवीत होतो. नव्या पुलाच्या शनिवारवाड्याकडच्या टोकाला मी आणि एक मित्र भेळेची कागदं घेऊन कठड्याला टेकलो होतो. संध्याकाळची गर्दी ओसरत आली होती. पुलाचा उतार तसा जेमतेम, चालणाऱ्याला कळायचाही नाही, सायकलवाल्याला कळतो. वडील येत होते. पाठ ताठ, टोपी सरळ, डबा हँडलला. आणि दोन्ही हात छातीशी बांधलेले. शाळेत गुरुजी म्हणायचे ना, हाताची घडी तोंडावर बोट, तशी घडी. बोट तेवढं नव्हतं, कारण तोंडाने शीळ चालू होती. शीळ! आमच्या घरात शीळ घातली की साप येतो असं सांगितलेलं होतं.

मी मित्राच्या आड लपलो. का लपलो कोण जाणे, चुकलो मी नव्हतो. ते आमच्यासमोरून चारपाच हातांवरून गेले. मला त्यांच्या फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू आली. उतार संपला तसे हात शांतपणे हँडलवर आले, शीळ थांबली, आणि ते पुन्हा आमचे वडील झाले. मी घरी पोचलो तेव्हा ते विहिरीपाशी पाय धूत होते. "कुठे होतास?" म्हणाले. मी म्हटलं, "वाचनालयात."

हे मी आईलाही सांगितलं नाही. त्या मित्राला भेळेची शपथ घातली होती. पुढे वडिलांनी ती हर्क्युलस विकली आणि लूना घेतली. गुडघे दुखत होते आणि खडकी लांब. सगळ्यांना बरं वाटलं. पेढेही वाटले. लूनावर बसून ते फाटकातून निघाले तेव्हा मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. लूनावर हात सोडता येत नाहीत.

आता दूधवाल्याची, वॉचमनची सायकल वाकून बघताना मी हंबर शोधतो असं सगळ्यांना वाटतं. हर्क्युलस दिसली तर बघत नाही असं नाही. पण अशा हजारो असतील, काळ्या सगळ्याच असतात, आणि नंबर मला कधीच पाठ नव्हता.

चिमट्याचं म्हणाल तर संध्याकाळी खाली जाऊन काढून आणला. पत्रिकेचा तुकडा स्पोक्सनी कुरतडून अर्धा झाला होता. नवरीचं नाव गेलं, नवऱ्याचं आडनाव राहिलं. चिमटा गुपचूप दोरीला लावला. सकाळी बायको कपडे वाळत घालताना म्हणाली, "सापडला हो तो चिमटा." मी "हं" केलं. "याला ग्रीस कसलं लागलंय?"

मी पेपर जरा वर धरला.