तुम्ही विचारलंत म्हणून: मग वकिलातीत का नाहीस?

निफाडला गेले की लग्नात, दहाव्याला, एसटीतसुद्धा हाच प्रश्न. दिल्लीला परराष्ट्र धोरणात एम.ए. केलंस, मग वकिलातीत का नाहीस? नाशिकच्या निर्यात कंपनीत काय करतेस? आजवर टाळलं, आता सांगते.

परराष्ट्र सेवेत यूपीएससीतूनच जाता येतं, आणि तिथं कुठल्याही शाखेचा पदवीधर बसतो. 2019 च्या परीक्षेत या सेवेच्या अख्ख्या देशात 24 जागा होत्या. मी नंतर दोनदा बसले, दुसऱ्यांदा मुख्य परीक्षेत अडले. वैकल्पिक विषय माझाच, राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध. हे लिहिताना आजही हात थबकतो.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं.

2019 च्या जुलैत दिल्लीतल्या एका अभ्याससंस्थेत संशोधन सहायक म्हणून लागले. अकरा महिन्यांचा करार. आमच्यातल्या बहुतेकांची सुरुवात अशीच झाली: एक करार संपायच्या आत दुसरा शोधायचा. ऑक्टोबरात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना येणार होत्या, बांगलादेशावरची टिपणी माझ्याकडे होती. तिस्ता नदीचं पाणी, रोहिंग्या निर्वासित, 1996 चा गंगा पाणीवाटप करार, सगळं तोंडपाठ. 29 सप्टेंबरला, रविवारी, सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली. संध्याकाळी गावाहून अण्णांचा फोन आला.

"तू तिथंच आहेस ना? कांदाचाळीत माल आहे अजून. इकू का ठेवू?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या शिक्षणाला काही विचारलं होतं. मला इतका आनंद झाला की मी खोलीत येरझाऱ्या घालत बोलले. महाराष्ट्रात 21 ऑक्टोबरला मतदान आहे, शहरात भाव वाढू देणार नाहीत, पाहुण्या आल्या तरी बंदी उठणार नाही. विकून टाका.

त्यांनी विकला. पडलेल्या भावात.

टिपणीत मी कांद्याचा परिच्छेद घातला. वरिष्ठांनी खोडला, ही बाजारभावाची जागा नाही म्हणून. 4 तारखेला हसीनाबाई दिल्लीतल्या उद्योजकांपुढे हिंदीतून बोलल्या: स्वयंपाक्याला बिनकांद्याचं करायला सांगितलंय, पुढच्या वेळी आधी कळवत चला. ऑफिसात टीव्हीसमोर सगळे हसले. मी जिन्यात जाऊन उभी राहिले.

बंदी खरंच उठली नाही, थेट 15 मार्च 2020 पर्यंत. माझं विश्लेषण अचूक होतं. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळी पावसानं खरिपाचा कांदा सडवला आणि डिसेंबरात लासलगावला भाव क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेला. चाळीतला माल तोवर टिकला असता का? थोडा तरी टिकला असता.

तेव्हाची मी म्हणायचे, वर्गात डीजीएफटीची, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाची, एक अधिसूचना तरी उघडून दाखवायला हवी होती. आज तेच वाचणं माझी नोकरी आहे, तरी ते म्हणणं अर्धंच खरं वाटतं. ढाक्याला आपल्या बंदीचा राग का येतो, हे मला त्या वर्गानंच शिकवलं. अधिसूचना वाचायला सहा महिन्यांत येते, तो राग समजायला येत नाही. म्हणून पदवी वाया गेली म्हणू नका. आणि पुतणीला त्या एम.ए.ला घालू का विचारलंत, तर लगेच हो म्हणवत नाही.

2023 च्या डिसेंबरात पुन्हा बंदी आली. अण्णांचा फोनही आला. लाल कांदा, तो ठेवता येत नाही. काढू का आठ दिवस थांबू? मी दोन्ही बाजू सांगितल्या, ठरवा तुम्ही म्हटलं.

"म्हंजे तुला कळत नाही."

"कळतं, अण्णा."

पलीकडं बराच वेळ पंपाचा आवाज येत राहिला.