ओकावांगोला जाताय? चाकांची बॅग घरीच ठेवा

आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशातल्या ओकावांगोला, म्हणजे नदी पसरून झालेल्या पाणथळ प्रदेशात, जाऊन आल्यापासून भेटेल तो विचारतो, सिंह दिसला का? दिसला. पण मी आधी तिथल्या माउन गावच्या विमानतळाबद्दल सांगते, कारण तिथला संताप अजून उतरलेला नाही.

व्हिसा, मलेरियाच्या गोळ्या, जोहान्सबर्गमार्गे माउनपर्यंतचा प्रवास, सगळं सुरळीत झालं. पुढे आमच्या कॅम्पपर्यंत मात्र रस्ताच नाही. सगळीकडे पाणी, त्यामुळे छोटं सेसना विमान. टूर एजंटने लिहून दिलं होतं, 'सामान माणशी २० किलो'. बस, एवढंच! काउंटरवरच्या मुलीने आमच्या बॅगा पाहिल्या आणि मान हलवली. चाकांची, कडक सांगाड्याची बॅग चालतच नाही म्हणाली. सामान विमानाच्या पोटाखालच्या बुटक्या कप्प्यात जातं. तिथे कापडी बॅग दाबून बसवता येते, सांगाडा दबत नाही. कारण अगदी पटलं. पण हे आम्हाला घरी बॅगा भरतानाच कळायला हवं होतं ना? वर त्या २० किलोंत पर्स, कॅमेरा, दुर्बीण सगळं आलं. नवऱ्याच्या गळ्यातली मोठी लेन्ससुद्धा काट्यावर ठेवायला लावली.

एजंटला फोन केला, तर "मॅडम, तिकडे असंच असतं." असंच असतं हे माहीत होतं, तर सांगायला काय झालं होतं? शेवटी समोरच्या दुकानातून कापडी बॅगा आणल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर फरशीवर बसून कपडे उपसले. सासूबाईंची औषधं एकीकडे, स्वेटर दुसरीकडे. त्यांना त्या गर्दीत बसवून ठेवावं लागलं याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. तोवर आमचं विमान उडालं होतं. पुढच्या फेरीत जागा मिळाली, पण संध्याकाळची सफारी बुडाली. तिथला एका रात्रीचा दर ज्याने भरलाय त्यालाच कळेल काय गेलं ते! रिकाम्या बॅगा माउनलाच ठेवून घेतल्या, एवढी सोय तरी झाली.

म्हणून एजंटकडून लेखी घ्या: बॅग कशी हवी, वजनात काय काय धरतात. माणसाचं वजनही आधी कळवावं लागतं, ते खरं सांगा.

कपडे कमीच न्या. कॅम्पमध्ये रोज धुऊन मिळतात. आतले कपडे बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत, त्यासाठी तंबूत साबणाची पूड ठेवलेली असते. जाडसर स्वेटर मात्र हवाच. शेजारच्या अंगोला देशात पडलेल्या पावसाचं पाणी इथे पोचायला काही महिने लागतात, त्यामुळे पूर येतो तो जून ते ऑगस्टच्या कोरड्या थंडीत (दक्षिण गोलार्धात तेव्हा हिवाळा), म्हणजे भरलं पाणी बघायचं तर थंडी आलीच. पहाटेच्या जीपमध्ये प्रत्येक सीटवर ब्लँकेट आणि रबरी पिशवीत गरम पाणी. सासूबाईंनी ती पिशवी शेवटपर्यंत मांडीवरून हलू दिली नाही.

मोकोरो, म्हणजे बांबूसारख्या लांब काठीने रेटायची अरुंद होडी, हल्ली फायबरची असते. तिच्यात बसलं की डोळे पाण्याच्या पातळीला येतात आणि लव्हाळ्यातला बोटभर बेडूकही दिसतो. पैसे वसूल झाले ते तिथे. अंधार पडला की तंबूबाहेर एकट्याने पाऊल टाकायचं नाही, गाइड न्यायला येतो. पाणघोडे रात्री तंबूंच्या मधल्या गवतात चरतात. शाकाहाराचं आधी कळवलं होतं, जेवणाचे हाल अजिबात झाले नाहीत.

आणि हो, ताडाच्या पात्यांच्या विणलेल्या टोपल्या घ्यायच्या असतील तर परतताना माउनला घ्या. कॅम्पवर घेतल्या तर त्याही त्या २० किलोंतच मोजतात.