उलटी झाली की डोकं राहतं: पित्त आणि अर्धशिशीचा घोळ

‘मला पित्ताचा त्रास आहे. डोकं चढतं, उलटी झाली की राहतं.’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. मग कोकम सरबत, पित्ताची गोळी, नाहीतर घशात बोटं घालून उलटी, असं वर्षानुवर्षं चालतं. यातल्या बऱ्याच जणांना असते ती अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन. डोकं बहुधा एका बाजूला ठणकतं, जिना चढला की जास्तच, उजेड आणि आवाज सोसवत नाही, आणि औषध घेतलं नाही तर दुखणं ४ ते ७२ तास टिकतं. मळमळ आणि उलटी हा त्या दुखण्याचाच भाग. उलटीनंतर काहींचं डोकं खरंच उतरतं, पण त्यावरून मूळ पोटात आहे असं ठरत नाही. मुद्दाम उलटी काढू नये. अंगातलं पाणी जातं, घसा सोलवटतो आणि डोकं पुन्हा धरायला तेवढं कारण पुरतं.

आयुर्वेदात याला अर्धावभेदक म्हणतात. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातल्या नवव्या अध्यायात त्याचं वर्णन आहे: एकटा वात किंवा कफासह वात अर्धं डोकं धरतो, मान, भुवई, कानशील, कान, डोळा आणि कपाळ दुखतं. कारणं सांगितली आहेत ती कोरडं अन्न, जेवणावर जेवण, पूर्वेचा वारा, दव, मलमूत्राचे वेग अडवणं, अतिश्रम. दुसरा जुना ग्रंथकार सुश्रुत यात वात, पित्त, कफ हे तिन्ही दोष मानतो. म्हणजे नुसतं ‘थंड’ देऊन भागेल असं कुणीच म्हटलेलं नाही. वाग्भट या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथकाराचं एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं: हे दुखणं पंधरवड्याने किंवा महिन्याने उठतं आणि आपोआप शमतं. आपोआप शमणाऱ्या दुखण्यात शेवटी घेतलेल्या उपायालाच श्रेय जातं. म्हणून एका वेळेवरून औषधाची पारख करू नका, दोन-तीन महिने नोंद ठेवून करा.

निदानपरिवर्जन, म्हणजे कारण टाळणं, ही पहिली चिकित्सा. आपल्याकडचं ठळक कारण म्हणजे उपाशी राहणं. संकष्टीला दिवसभर चहावर राहून चंद्रोदयानंतर जेवणाऱ्यांचं डोकं संध्याकाळीच धरतं. अशांनी निरंकार उपास करू नये. दर तीन-चार तासांनी दूध, राजगिऱ्याचा लाडू, फळ असं काही पोटात जावं. सूर्योदयापूर्वी दूध-जिलबी खाण्याचा जुना उपायही सकाळचं रिकामं पोट भरतो, म्हणून काहींना लागू पडत असावा. मधुमेह असेल तर तो करू नये. रविवारी दहापर्यंत झोपणं आणि रोजचा चहा अचानक सोडणं, यांनीही डोकं उठतं.

नस्य म्हणजे नाकात औषधी तेल सोडणं. घरी करण्यासारखं ते प्रतिमर्श नस्य, म्हणजे थोड्या थेंबांचं, तेही दुखणं नसताना. अणुतेलाची (नस्याच्या तयार औषधी तेलाची) बाटली कोमट पाण्यात पाच मिनिटं उभी ठेवा. तेल थेट गॅसवर तापवू नका. चेहऱ्याला हलकं तेल चोळून कोमट फडक्याने शेका. मानेखाली उशी घेऊन डोकं थोडं मागे झुकवा, प्रत्येक नाकपुडीत २ थेंब सोडा आणि हलकेच आत ओढा. घशात उतरलेलं थुंकून टाका, गिळू नका, मग कोमट पाण्याने गुळण्या करा. चुका ठरलेल्या असतात: जेवून लगेच, डोक्यावरून आंघोळ करून लगेच, किंवा सर्दी-तापात नस्य करणं. ‘जास्त म्हणजे लवकर गुण’ या समजुतीने दहा-दहा थेंब घातले, तर तेल श्वासमार्गात उतरू शकतं. मोठ्या मात्रेचं नस्य वैद्यांकडेच घ्यावं. गरोदरपणात आणि दमा असेल तर विचारल्याशिवाय नको.

दुखत असताना अंधारी खोली, शांतता, घोट घोट पाणी आणि कपाळावर लेप. सुंठ सहाणेवर पाण्यात उगाळून पातळ लावतात, पण कपाळ तापलेलं असेल किंवा कातडी नाजूक असेल तर सुंठेने आग होते. तिथे चंदन बरं. लेप पूर्ण वाळण्याआधी पुसावा. वाळून ताणला की त्रास वाढतो.

पोटात घेण्यासाठी शार्ङ्गधर या जुन्या ग्रंथकाराचा पथ्यादि काढा वापरात आहे: हिरडा, बेहडा, आवळा, किराईत, हळद, कडुनिंब, गुळवेल आणि वर गूळ. १० ग्रॅम भरड १६० मिली पाण्यात मंद आचेवर ४० मिली उरेपर्यंत आटवतात. झाकण ठेवू नये. रोज ताजा करावा. मात्रा आणि किती दिवस, हे वैद्यांनी ठरवायचं. गरोदरपणात नको. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तरी यकृताचा विकार असेल तर हा काढा स्वतःहून घेऊ नका. शिरःशूलादिवज्र रस या डोकेदुखीवरच्या तयार आयुर्वेदिक औषधात पारा, गंधक, लोह, ताम्र असतात. दुकानातून आणून महिनोन्महिने खाण्याचं ते औषध नव्हे.

डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील तर काढा सुरू केला म्हणून त्या बंद करू नका. मात्र महिन्यातल्या गोळीच्या दिवसांची मोजणी ठेवा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान (खास अर्धशिशीच्या गोळ्या) किंवा एकाहून जास्त औषधं असलेल्या मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, अशा तीन महिन्यांहून अधिक चालल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं. मग कोणताही काढा निष्फळ वाटतो.

क्षणात कळस गाठणारी डोकेदुखी, तापासोबत ताठलेली मान, तोंड वाकडं होणं, हातापायांतली ताकद जाणं, डोक्याला मार लागल्यावरचं दुखणं: यात लेप-नस्य करत बसू नका, तडक रुग्णालय गाठा. पन्नाशीनंतर डोकेदुखी पहिल्यांदाच सुरू झाली असेल तर तीही आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चकाकी येत असेल, तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर विचारा. अशा स्त्रियांत पक्षाघाताचा धोका वाढतो.

वहीत तारीख, दुखणं सुरू झाल्याची वेळ, आदल्या रात्रीची झोप, शेवटचं खाणं कधी, पाळीचा दिवस, ऊन आणि घेतलेली गोळी एवढं लिहा. ती वैद्यांना दाखवा, डॉक्टरांनाही दाखवा, आणि काढ्याचं नावही गोळीच्याच रकान्यात लिहा.