पत्त्याची ओळ

आमच्या सोलापूरच्या दैनिकात ‘आज शहरात’ हे सदर गेली नऊ वर्षं मी करते. पंधरा ओळी, रोज. लोकांना वाटतं आम्ही कार्यक्रम शोधून काढतो. प्रत्यक्षात संस्थेचा शिपाई लेटरहेड आणून देतो, आम्ही ‘मान्यवरांच्या शुभहस्ते’ कापतो आणि उरलेलं छापतो. हुतात्मा स्मृती मंदिर आणि फडकुले सभागृह एवढ्यावरच दहा ओळी भरतात. त्यातले निम्मे गुणगौरव सोहळे असतात. शेजारच्या टेबलावरचे सहकारी म्हणतात, आलंय ते लाव आणि मोकळी हो. कार्यक्रम खरंच आहे का, किती वाजता आहे, हे विचारायला त्यांनी एकदाही फोन उचललेला मी पाहिलेला नाही.

मला हे कधी पटलं नाही. हे गाव गातं-वाजवतं, पण लेटरहेडवर गात नाही. मार्कंडेय रथोत्सवात तेलुगू भजनं होतात, चौदा एप्रिलच्या आगेमागे गल्लीगल्लीत भीमगीतं होतात, उरुसात कव्वाली रंगते. हलगीवाल्यांच्या पत्रकात आठची वेळ असली तरी तिला अर्थ नसतो, हलगी कधी तापवणार ते विचारायचं. आणि गेल्या काही वर्षांत पोरांचे बँड आहेत, रॅप करणारे आहेत. एकाच गाण्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी येते, कारण ते बोलतातच तसं. या पोरांची जाहिरात इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर असते. चोवीस तासांत ती गायब. खाली लिहिलेलं असतं, लोकेशनसाठी मेसेज करा.

त्यांना शोधायची माझी रीत साऊंडवाल्यांकडून जाते. नवी पेठेतल्या एका साऊंडवाल्याच्या गोदामात भिंतीला पांढरा बोर्ड आहे. त्यावर तारीख, सामान आणि फोन नंबर एवढंच असतं, पण मला तेवढं पुरतं. आठ बेस, आठ टॉप (दोन्ही स्पीकरच), ट्रस (दिवे-स्पीकर टांगायचा सांगाडा) म्हणजे मिरवणूक. एक टॉप, दोन माइक म्हणजे हळदी-कुंकू नाहीतर वाढदिवस. पण दोन टॉप, मिक्सर, सहा माइक आणि त्यापुढे ‘मॉनिटर २’ लिहिलेलं दिसलं, की मी तो नंबर उतरवून घेते. मॉनिटर म्हणजे वाजवणाऱ्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर. तो भाड्याने मागणाऱ्याला स्वतःचं वाजवणं नीट ऐकू यायला हवं असतं. असा माणूस गाणं गंभीरपणे घेतो. नऊ वर्षांत हा अंदाज फार थोड्या वेळा चुकला.

त्या शनिवारचा नंबर असाच मिळाला. फोनवरचा पोरगा आधी गप्पच झाला, मग खूश झाला. म्हणाला, “मॅडम, टाका की. पण लोकेशन टाकू नका ओ. वेळ टाका, माझा नंबर टाका. बघून बोलवायलाव आम्ही.” मी हो म्हटलं. जागा कुठली हे मला साऊंडवाल्याकडून आधीच कळलं होतं. साखर पेठेतला एक बंद मागाचा कारखाना, पोराच्या काकांचा.

संध्याकाळी पान लावताना मी पत्ता टाकला.

का टाकला, हे तेव्हा मला अगदी स्पष्ट होतं. पत्ता नसलेली ओळ म्हणजे ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच दिलेली खबर. आपल्या देशात रॉक संगीताचं मासिक १९९३ साली अमित सैगल यांनी काढलं ते मुंबईतून नव्हे, अलाहाबादेतून. ‘रॉक स्ट्रीट जर्नल’. सदर हातात आलं त्या वर्षी हे मी वाचलं आणि तेव्हापासून ते डोक्यात बसलं. अलाहाबादेत होतं तर इथे का नाही? इथली पोरं एक मैफल ऐकायला सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरून पुण्याला जातात आणि परत आल्यावर म्हणतात, सोलापुरात काही होत नाही. शेजारच्या पेठेत होतंय, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

रात्री मी गेले. एरवी पंचवीस-तीस जण असतात म्हणे. त्या दिवशी गल्लीत गाडी लावायला जागा नव्हती. आत माग निघून गेलेले, भंगारात. जमिनीत बोल्टांची भोकं आणि तेलाचे काळे चौकोन तेवढे राहिलेले. पोरांनी ड्रम बरोबर एका चौकोनावर मांडला होता. एक गिटार, एक हलगी, गाणारे दोघे, आणि लॅपटॉपमधून मागे चालू असलेला मागाचा आवाज. त्यांनी तो शेजारच्या चालू कारखान्यात जाऊन मोबाईलवर टिपला होता आणि त्याच्याच ठेक्यावर गाणं बांधलं होतं. हलगी त्या ठेक्यात शिरली तेव्हा मी वहीत लिहायचं थांबले.

दारापाशी सत्तरीचे एक गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट, हातात घडी केलेला आमचा पेपर. मला वाटलं तक्रार करायला आलेत. गाणं संपल्यावर ते सरळ पोरांकडे गेले आणि लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणाले, “हे माग कुठलं? खराब हाय की. धोटा उशिरा सुटायलाय.” धोटा म्हणजे मागात आडवा धागा घेऊन ये-जा करतो तो. पोरांना काही कळेना. मग त्यांनी ड्रमच्या कडेवर दोन बोटांनी वाजवून दाखवलं, आधी चांगला माग, मग हा. फरक इतका बारीक होता की मला दुसऱ्यांदा ऐकल्यावर कळला. ड्रमवाल्याला पहिल्यांदाच कळला. म्हणाला, “आजोबा, म्हणून मी दर वेळी मागं पडायलो होतो!” ते याच शेडमध्ये तीस वर्षं जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. माग बिघडला की बघायला न जाता कानाने ओळखायचे. सदरात कारखान्याचा पत्ता दिसला म्हणून आले होते, आत काय आहे ते त्यांना ठाऊकही नव्हतं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी गस्तीचे पोलीस आले. तक्रार आवाजाची नव्हती, गल्ली अडवलेल्या गाड्यांची होती. पण आत आल्यावर त्यांनी स्पीकरचा परवाना मागितला आणि तो नव्हता. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद हा २००० सालचा नियम पोरांना पाठ होता, ते पावणेदहाला आवरणारच होते. दहाच्या आत वाजवायलाही लेखी परवानगी लागते, हे त्यांना माहीत नव्हतं. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. याच शेडमध्ये माग चालू असताना माणसं एकमेकांच्या कानात ओरडून बोलायची, आजोबांनीच सांगितलं. पोलीस नियमाने वागले, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. सामान उतरलं. काकांनी दुसऱ्या दिवशी कुलूप घातलं आणि किल्ली पोराकडून काढून घेतली.

सोमवारी कार्यालयात आदेश निघाला, लेटरहेड आणि परवान्याची प्रत असल्याशिवाय सदरात ओळ जाणार नाही. म्हणजे पुन्हा गुणगौरव. बैठकीत कुणी एका शब्दाने विरोध केला नाही. मी केला, आणि विषय संपवण्यात आला. पोराने मला शिव्या दिल्या नाहीत. फक्त एवढंच लिहिलं, “मॅडम, नको म्हटलं होतं ना.” त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. माफी मागायची तर आजोबा आले ते चुकलं असं म्हणावं लागेल, आणि ते मला म्हणता येत नाही. पण ती जागा माझी नव्हती. शब्द माझा होता.

परवा बोर्डावर पुन्हा ‘मॉनिटर २’ दिसलं. अक्कलकोट रोडच्या बाजूला, शनिवारी. पोराला फोन केला तर म्हणाला, “तुम्ही या. नुसतं या.” सदरात त्या जागी रक्तदान शिबिर लागलं.

आजोबांनी त्या रात्री माझ्या वहीत स्वतःचा नंबर लिहून दिला होता. शुक्रवारी मी त्यांना फोन लावला, म्हटलं उद्या आहे, सात वाजता. त्यांनी विचारलं, “मग पेपरात का नाही आलं, ताई?” मी पत्ता सांगायला लागले, तर म्हणाले, थांबा, पेन आणतो.