रिकामी स्लाइड आणि डोलोमाइटचा गोळा

टेबलावर तीन तुकडे होते, तिन्ही मोंटेरे फॉर्मेशनचे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा हा मायोसीन काळातला (सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीचा) सागरी गाळ. त्यात डायटम, म्हणजे आपल्या करंडक वनस्पती (सूक्ष्म एकपेशी शैवाल), खच्चून भरलेल्या असतात. मराठी नाव नेमकं आहे: सिलिकाचं कवच खरोखरच झाकणाच्या करंड्यासारखं असतं.

पहिला तुकडा खडूसारखा पांढरा, हलका, जिभेला चिकटणारा. स्लाइडवर डायटमच डायटम. दुसरा चिनीमातीसारखा टणक. त्याची स्लाइड कोरी.

"सर, स्लाइड करताना वापरलेल्या अ‍ॅसिडने डायटम खाल्ले का?" विद्यार्थिनीने विचारलं. नाही. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड सिलिकाला लागत नाही. कवचं विरघळवतं ते हायड्रोफ्लोरिक, नाहीतर गरम अल्कली. एक्सआरडीच्या (क्ष-किरणांनी खनिज ओळखण्याच्या चाचणीच्या) आलेखात खुलासा होता: ओपल-ए, म्हणजे कवचांची मूळ अस्फटिक सिलिका, तिचा पसरट उंचवटा जाऊन ओपल-सीटी, म्हणजे काहीशी स्फटिक झालेली सिलिका, तिची टोकं आली होती. गाळ खोल गाडला जाऊन साधारण ४०-५० अंशांवर तापला की कवचांचा ओपल विरघळतो आणि नव्या रूपात जमतो. कवचावरची जाळीदार नक्षी पुसली जाते.

तिसरा तुकडा त्याच टणक थरातला करडा गोळा. त्यावर थंड १० टक्के हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा थेंब टाकला, फेस नाही. चाकूने खरवडून भुकटीवर टाकला, तेव्हा हळूहळू बुडबुडे आले. म्हणजे डोलोमाइट, कॅल्शियम-मॅग्नेशियमचं कार्बोनेट.

त्याचे हरभऱ्याएवढे तुकडे केले. खलात कुटायचं नाही, कवचांचा चुरा होतो. फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) तेच अ‍ॅसिड कोमट करून, बुडबुडे थांबेपर्यंत बदलत राहिलो. मग ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, थेंबाथेंबाने आणि मोठ्या बीकरमध्ये, कारण या दगडात सेंद्रिय द्रव्य भरपूर असतं आणि फेस उतू जातो. धुताना सेंट्रिफ्यूज टाळलं. १० सेंटिमीटर पाण्याला ८ तास निवळू दिलं. पाणी डिस्टिल्डच. तानसा-भातसाच्या नळाच्या पाण्यातून आजचे गोड्या पाण्यातले डायटम आले तर सगळी मोजणी फुकट. जुलैच्या दमट हवेत कव्हरस्लिप सुकायला रात्र गेली. कव्हरस्लिप बसवायला नॅफ्रॅक्स हे राळेसारखं द्रव्य, अपवर्तनांक सुमारे १.७. कॅनडा बाल्समचा १.५४ सिलिकाच्या फार जवळ, त्यात बारीक रेषा फिकट दिसतात.

सकाळी १००० पट मोठं करून पाहिलं. डेन्टिक्युलॉप्सिस या डायटमच्या आडव्या फासळ्या एकेक मोजता येत होत्या! थराचं वय ठरवायला हीच प्रजाती हवी होती. गाळ कोवळा असतानाच डोलोमाइटने त्याची छिद्रं बुजवली, म्हणून आतला ओपल वाचला.

नोंदवहीत दुसऱ्या तुकड्यापुढे "डायटम नाहीत" लिहिलं होतं. ते खोडून "ओपल-सीटी, याच थरातले गोळे पाहा" असं लिहिलं.