पन्हाळ्यावर गाडी सेल्फ घेईना तेव्हा

रविवारी सकाळी शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ करत पन्हाळ्यावर पोचलो. कोल्हापुरातून जेमतेम वीस किलोमीटर. धुकं इतकं दाट की तीन दरवाजा समोर येईपर्यंत दिसला नाही. अंधारबाव बघितली, झुणका-भाकर खाल्ली आणि गाडीत बसलो. किल्ली फिरवली, एकदाच ‘टक’ झालं आणि सगळं गप्प.

शेजारच्या गाडीतले काका म्हणाले, "बॅटरी गेली. उतार हाय, ढकलूया की." मी नको म्हटलं. धक्क्याने गाडी लागते, पण फक्त हाताने गिअर बदलायची, आणि इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा होतो, स्टेअरिंग जड. धुक्यात घाटाकडच्या उतारावर हा धोका घेऊच नका.

त्याऐवजी हेडलाईट लावून किल्ली फिरवायची. दिवे प्रखर होते, सेल्फ मारताच पार विझले, किल्ली सोडली की परत लख्ख. इथेच मला शंका आली. बॅटरी उतरली असती तर दिवे आधीच मंद दिसले असते, सेल्फ मारताना ‘टरटर’ झालं असतं. दोन्ही हेडलाईटना नऊ-दहा अँपिअर पुरतात, सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरला, शंभर-दोनशे लागतात. बॅटरीचा जोड खराब असेल तर थोडा करंट जातो, मोठा अडतो. (‘टक’ होऊनही दिवे तसेच प्रखर राहिले, तर दोष बहुधा सेल्फमध्ये.)

बॉनेट उघडलं. निगेटिव्ह टर्मिनलभोवती हिरवट-पांढरी भुकटी साचलेली, नट ढिला, आणि क्लॅम्पला (टर्मिनलवर वायर आवळणाऱ्या पकडीला) बोट लावलं तर तो कोमट. बाकी सगळं पावसाने गार पडलेलं असताना तोच तेवढा कोमट! करंट तिथेच अडत होता.

झुणका-भाकरवाल्या मावशींनी भज्यांसाठी ठेवलेला सोडा आणि तांब्याभर गरम पाणी दिलं. 10 नंबरच्या पान्याने आधी निगेटिव्ह सोडवला, मग पॉझिटिव्ह. सोड्याच्या पाण्याने पुसून, जुन्या चाकूने शिसं चमकेपर्यंत खरवडून, कोरडं करून बसवलं. बसवताना उलट, निगेटिव्ह शेवटी. पाना पॉझिटिव्ह आणि बॉडीला एकदम टेकू देऊ नका. गाडी पहिल्या सेल्फला लागली. मावशी पैसे घेईनात, मग दोन प्लेट भजी बांधून घेतली.

दोन दिवसांनी कोल्हापुरात उद्यमनगरात मीटर लावून बघितलं. बंद गाडीत 12.5 व्होल्ट, चालू गाडीत 14.1. बॅटरी ठणठणीत, चालू गाडीत ती चार्ज करणारा अल्टरनेटरही. झिजलेला क्लॅम्प तेवढा बदलला, वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला. घाईत नवीन बॅटरी घेतली असती तर हजारो रुपये घालून दोष तिथेच राहिला असता.

तुमचा सेल्फ जोरात फिरतोय आणि इंजिन लागत नाही, तर बॅटरीचा नाद सोडा. पेट्रोल गाडीत किल्ली ‘ऑन’ केल्यावर मागच्या सीटखालून पेट्रोल इंजिनकडे ढकलणाऱ्या पंपाची दोन सेकंद गुणगुण येते का, ते ऐका. नसेल तर आधी फ्यूज बघा. डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा लुकलुकत असेल तर दुसरी किल्ली लावून बघा. आणि एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा.

पावसाळ्यात गडावर जाताना 10 चा पाना, पॉलिश पेपर आणि जम्पर केबल डिकीत टाका. निघायच्या आदल्या दिवशी दोन्ही टर्मिनल हाताने हलवून बघा, जरासुद्धा फिरता कामा नयेत.