मनगटं दुखली नाहीत आज!

आज सकाळी साडेपाचला स्पोर्ट्स बाईकवर निघालो, पुण्यातला चांदणी चौक, पिरंगुट, पौड करत ताम्हिणी, आणि पहिल्यांदाच परत येईपर्यंत हात बधीर झाले नाहीत. खरंच खूप बरं वाटतंय.

गेले तीन महिने मी सगळा भार हँडलवरच टाकत होतो. स्पोर्ट्स बाईकला क्लिप-ऑन (म्हणजे हँडलचे दोन वेगळे दांडे) खाली असतात, फूटपेग (पाय ठेवायचे दांडे) मागे आणि वर, त्यामुळे अंग आपोआप पुढे झुकतं आणि आपण हात ताठ करून त्यावर रेलतो, मग मनगट गेलं, मान गेली, खांदे गेले.

काल रात्री अ‍ॅलन की (षटकोनी पाना) घेऊन बसलो. ब्रेक आणि क्लच लिव्हर थोडे खाली फिरवले, म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत येतो, मनगट वर मुडपत नाही. एवढ्यानेच अर्धा त्रास गेला, माझ्या मते हे सगळ्यात आधी करायला हवं.

बाकीचं रस्त्यावर जमलं. सीटवर जरा मागे सरकलो, गुडघ्यांनी टाकी घट्ट धरली, पोट आणि पाठ वापरून शरीर तोललं आणि कोपरं सैल सोडली. मुळशीच्या वळणांवर बाईक इतकी हलकी वळत होती की काय सांगू! पौडच्या ट्रॅफिकमध्ये मात्र अजून जड जातं, कारण स्पीड कमी असला की छातीला वाऱ्याचा आधार मिळत नाही.

टाकी धरून धरून मांड्या भरून आल्यात. पुढच्या रविवारी माणगावपर्यंत जायचंय, कोण येतंय?